आधी ‘कोण आहे?’ विचारावे

बँकेत छत्तीस वर्षे काढलेल्या माणसाला लोक साधारणपणे दोनच गोष्टींबाबत सल्ला विचारतात. पैसे कुठे ठेवावेत आणि मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहावे की नाही. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला तर कुणी काहीच विचारत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात मात्र अमेरिकेत, ह्यूस्टनजवळच्या एका उपनगरात, लेकीच्या घरी मुक्कामाला असताना जावईबापूंनी माझ्यापुढे तीन छापील कागद ठेवले आणि म्हणाले, ‘‘बाबा, तुम्ही आयुष्यभर कोटेशनं तपासलीत. ही जरा बघून द्या ना. स्वस्त नको, पण उगाच फसायलाही नको.’’

मला वाटले, घराचे छप्पर असेल किंवा वातानुकूलन यंत्र. कागद वाचले तर कोटेशन होते आखूड नळीच्या शॉटगनचे, आणि त्याहीपेक्षा तिच्यावर बसवायच्या दिव्याचे व लेसरचे. बंदूक कोणती घ्यायची हे त्यांचे जवळजवळ ठरले होते. प्रश्न होता तो प्रकाशाचा. पांढरा दिवा घ्यावा, की हिरवा लेसर, की दोन्ही?

हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट नव्हती. महिन्याभरापूर्वी त्यांच्या गल्लीतल्या एका घराचे गॅरेज रात्री फोडले होते. जावई महिन्यातले आठ-दहा दिवस फिरतीवर असतात. त्या रात्री घरात असतात माझी लेक आणि नऊ वर्षांची नात. पुण्यात आपण दार लावून झोपतो ते वरच्या मजल्यावरच्या जोश्यांच्या आणि खालच्या शिंद्यांच्या भरवशावर. तिथे शेजारचे घर हाकेच्या अंतरावर असले तरी हाक मारण्याची रीत नाही. तेव्हा भीती खरी होती. ती खरी आहे हे मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा अधिकार कुणालाच पोचत नाही.

बँकेची बारा बोअर

बंदुकीशी माझी ओळख तशी जुनी. चोर-दरोडेखोरांमुळे नव्हे, तर शाखेच्या दारातल्या स्टुलामुळे. त्या स्टुलावर आमचे हवालदार बसत. सैन्यातून निवृत्त झालेले, मिशा काळ्या करणारे, आणि मांडीवर बारा बोअरची बंदूक. ही बारा बोअर म्हणजेच अमेरिकेतली ‘ट्वेल्व्ह गेज’. नळीत बरोबर बसेल असा शिशाचा गोळा घेतला, तर तसे बारा गोळे मिळून एक पौंड भरतात, म्हणून हे नाव. नळीचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. तिच्या काडतुसात एक गोळी नसते, छर्रे असतात. मोठ्या छऱ्र्यांच्या काडतुसात आठ किंवा नऊ, प्रत्येक छर्रा आठ मिलिमीटरहून थोडा जाड.

१९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे या बंदुकीचा परवाना, त्याचे नूतनीकरण, काडतुसांची मोजदाद हे सगळे शाखेत करावे लागे. निवडणूक आली की परवान्याची हत्यारे पोलिस ठाण्यात जमा करण्याचे फर्मान निघे आणि बँकेला त्यातून सूट मिळावी म्हणून अर्ज टाइप करायचे काम माझ्याकडे येई. बंदूक ही आमच्या लेखी एक ‘डेड स्टॉक’ची नोंद होती. एकदाच ती जिवंत झालेली पाहिली.

सहामाही क्लोजिंगची रात्र होती. तालुक्याचे गाव, त्यात वीज गेलेली. अकराच्या सुमारास मागच्या रेकॉर्ड रूममधून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. मी गारठलो. हवालदार उठले. बंदूक उजव्या हातात, नळी जमिनीकडे. डाव्या हातात बॅटरी, तीसुद्धा अंगापासून लांब धरलेली. दाराच्या चौकटीआड उभे राहून त्यांनी आधी प्रकाश टाकला आणि खणखणीत आवाजात विचारले, ‘‘कोण आहे? नाव सांगा!’’ उत्तर यायला तीन-चार सेकंद लागले. व्हाउचरच्या गठ्ठ्यांवर झोपी गेलेला आमचा शिपाई गठ्ठ्यांसकट खाली आला होता. झोपेतून उठलेल्या माणसाला स्वतःचे नाव आठवायलाही वेळ लागतो, हे मी त्या रात्री पाहिले. हवालदारांनी तेवढा वेळ दिला. बंदुकीची नळी शेवटपर्यंत वर आली नाही.

जावयांचे कागद वाचताना मला सारखे ते तीन-चार सेकंद आठवत होते.

नळी आखूड का?

या आखूड बंदुकीच्या मागे एका कायद्याची गोष्ट आहे. १९३४ साली अमेरिकेने ‘नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट’ केला. गुंडांच्या टोळ्या तेव्हा कोटाखाली लपवता येतील अशा कापलेल्या शॉटगन वापरत. म्हणून अठरा इंचांहून आखूड नळीच्या शॉटगनवर नोंदणी आली आणि त्या काळी जबर वाटेल असा दोनशे डॉलरचा करही.

कायदा म्हटला की वाट काढणारे आलेच. २०१७ साली मॉसबर्ग कंपनीने ‘शॉकवेव्ह’ नावाची बंदूक बाजारात आणली. नळी चौदा इंचांची, पण एकूण लांबी सव्वीस इंचांहून किंचित जास्त, आणि खांद्याला टेकवायचा दस्ता नाही. त्याजागी पक्ष्याच्या मानेसारखी वाकलेली मूठ. कायद्याच्या व्याख्येत शॉटगन खांद्यावरून झाडायची असते. दस्ताच नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ही शॉटगन नाही, नुसते ‘अग्निशस्त्र’. नोंदणीही नको, करही नको. करवसुलीच्या पळवाटा मी नोकरीत पुष्कळ पाहिल्या, पण व्याख्येच्या बारीक फटीतून अख्खी बंदूक बाहेर आलेली प्रथमच पाहिली.

या आखूडपणाची किंमत मात्र घेणाऱ्याला मोजावी लागते. दस्ता नाही म्हणून धक्का सगळा मनगटांवर येतो, आणि गाल टेकवून नेम धरता येत नाही. मग नेम कसा धरायचा? इथे दुकानदार लेसर पुढे करतो. म्हणजे आधी दस्ता काढून टाकायचा आणि त्याने केलेली अडचण सोडवायला आणखी पैसे द्यायचे. ग्राहकाला हा व्यवहार आधुनिक वाटतो.

लुमेन, हिरवा ठिपका आणि पांढरी भिंत

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कोटेशन तपासायचे तर वस्तू समजून घ्यायला हवी.

दिव्याचे मोजमाप लुमेनमध्ये देतात. लुमेन म्हणजे एकूण प्रकाश, आणि कँडेला म्हणजे झोताची एका दिशेची तीव्रता. जाहिरातीत लुमेनचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो, कारण मोठा आकडा विकला जातो. घराच्या आत अंतर असते पाच-सात पावलांचे आणि भिंती असतात पांढऱ्या. हजार लुमेनचा झोत अशा भिंतीवर आपटून परत आपल्याच डोळ्यांवर येतो. अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात. तो सराव एका क्षणात जातो, आणि तो चोराचा जातो तसाच आपलाही जातो. घरात काही शेकडो लुमेनचा, कडेलाही पसरणारा प्रकाश पुरतो. आजचे एलइडी दिवे धक्का सोसतात. जुन्या तारेच्या बल्बांची ती तक्रार आता उरलेली नाही. बटण मात्र असे हवे की बोट दाबले तरच दिवा लागेल आणि सोडले की विझेल. पेशी लिथियमच्या घ्याव्यात, त्या वर्षानुवर्षे टिकतात. चार्ज कराव्या लागणाऱ्या पेशी घेतल्या तर ज्या रात्री गरज पडेल त्या रात्री त्या उतरलेल्या असतील, हा घरातल्या कुठल्याही बॅटरीचा सार्वत्रिक अनुभव आहे.

लेसरचे दोन रंग. माणसाच्या डोळ्याला हिरवा रंग सर्वांत तीव्रतेने जाणवतो, म्हणून तेवढ्याच शक्तीचा हिरवा ठिपका तांबड्याहून ठळक दिसतो. साधारणपणे हे लेसर पाच मिलिवॉटच्या आतले असतात, तरी डोळ्यात गेलेले वाईटच. लेसर नळीच्या थोडा बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे ठिपका आणि छर्रे एका ठरावीक अंतरावरच तंतोतंत जुळतात. धक्क्याने तो हललाही असेल, म्हणून पुन्हा पुन्हा जुळवून पाहावा लागतो.

या सगळ्याच्या बुडाशी एक गैरसमज आहे. शॉटगनचे छर्रे इतके पसरतात की नेम धरावाच लागत नाही, असे लोक समजतात. खोलीच्या अंतरात छर्रे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत जातात. म्हणजे चुकायचे ते चुकतातच. आणि चुकलेले छर्रे थांबत नाहीत. अमेरिकेतल्या घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात, लाकडी चौकटीवर जिप्समचे पत्रे ठोकलेले असतात. मोठे छर्रे त्यातून सहज पार होतात. लेकीच्या घरात जिन्याच्या समोरची भिंत नातीच्या खोलीची आहे. मी ती बोटाने ठोकून पाहिली. पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कुठल्याच कोटेशनमध्ये नव्हती. दिवा बंदुकीला जोडला, की जिकडे पाहायचे तिकडे नळी वळवावी लागते. कोण आहे हे पाहण्यासाठीच त्याच्यावर बंदूक रोखावी लागते. हवालदारांची बॅटरी वेगळ्या हातात होती, म्हणून शिपायावर फक्त प्रकाश पडला. लेसर तर याहून आंधळा. गोळी कुठे लागेल ते तो सांगतो, कुणाला लागेल ते सांगत नाही.

दार ठोठावणारे

घरात बंदूक ठेवण्याचा हक्क अमेरिकन सुप्रीम कोर्टाने २००८ साली ‘हेलर’ खटल्यात पाच विरुद्ध चार अशा मतांनी मान्य केला, आणि स्वसंरक्षण हा त्याचा गाभा असल्याचे सांगितले. टेक्सासने त्याच्या आदल्या वर्षी, २००७ मध्ये, घरात घुसणाऱ्याविरुद्ध बळ वापरणाऱ्या घरमालकाला कायद्याचे संरक्षण वाढवून दिले होते. २०१३ साली तेव्हाचे उपाध्यक्ष जो बायडेन यांनी, लष्करी धाटणीच्या रायफलीपेक्षा घरात शॉटगन ठेवा, असा जाहीर सल्ला दिला. काही खुट्ट झाले तर बाल्कनीतून दोन बार काढ, असे आपण पत्नीला सांगून ठेवल्याचेही ते म्हणाले. कायदा जाणणाऱ्यांनी लगेच दाखवून दिले, की असे बार काढणारा स्वतःच गोत्यात येईल.

पण कायदा नंतर येतो, आधी दार वाजते. १९९२ च्या ऑक्टोबरात लुइझियानातल्या बॅटन रूज इथे सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी हॅलोविनच्या मेजवानीसाठी निघाला आणि चुकीच्या घरी गेला. घरमालकाने पिस्तूल रोखून थांबायला सांगितले. मुलगा पुढे येत राहिला आणि मारला गेला. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला, दिवाणी दाव्यात दोषी ठरला. मुलाच्या आई-वडिलांनी जपानमध्ये पंधरा लाखांहून अधिक सह्या गोळा करून त्या अध्यक्ष क्लिंटन यांच्याकडे पोचवल्या.

२०१३ च्या नोव्हेंबरात मिशिगनमधल्या डिअरबॉर्न हाइट्समध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास एकोणीस वर्षांची एक कृष्णवर्णीय मुलगी दार ठोठावत होती. काही तासांपूर्वी तिच्या मोटारीला अपघात झाला होता. घरमालकाने बंद जाळीच्या दारातून शॉटगन झाडली. त्याला किमान सतरा वर्षांची शिक्षा झाली. २०२३ च्या एप्रिलात न्यूयॉर्क राज्यातल्या हेब्रन गावी मित्राचे घर शोधणारी मोटार चुकून दुसऱ्याच्या आवारात शिरली. ती वळून परत निघाली असताना मालकाने ओसरीवरून शॉटगनचे दोन बार काढले आणि मोटारीतली वीस वर्षांची मुलगी गेली. त्या मालकाला २०२४ मध्ये पंचवीस वर्षे ते जन्मठेप अशी सजा झाली.

या माणसांच्या हातात कुठलाही दिवा दिला असता, तरी काय झाले असते हे कुणी सांगू शकणार नाही. पण एवढे दिसते, की तिघांपैकी एकाही दारात चोर नव्हता.

आकडेवारी काय सांगते? १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या केलरमन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, ज्या घरात बंदूक आहे तिथे त्या घरातल्या माणसाची घरातच हत्या होण्याची शक्यता सुमारे २.७ पट आढळली, आणि मारणारा बहुधा घरातलाच किंवा जवळच्या ओळखीचा होता. यावर आक्षेप आहे, तो असा की ज्यांना धोका असतो तेच बंदूक घेतात. आक्षेप बिनबुडाचा नाही. पण पुढे १९९६ साली काँग्रेसने अशा संशोधनाच्या सरकारी पैशावर बंधन आणले आणि वीसेक वर्षे हा हिशेब अर्धवट राहिला. एक आकडा मात्र वादातीत आहे. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसे मेली, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. तिथे दिवा आणि लेसर दोन्ही निरुपयोगी.

अडीच वाजता, चहाचे पातेले

हे सगळे टिपण मी काढून ठेवले होते, पण दिले नव्हते. त्याआधी एक प्रसंग घडला.

अमेरिकेत पोचल्यावर आठवडाभर माझी झोप पुण्याच्या घड्याळावर चालते. एका रात्री अडीच वाजता उठलो. थंडी वाजत होती म्हणून दाराजवळ लटकवलेले जावयांचेच जाकीट चढवले, टोपी डोक्यावर ओढली. चहा टाकावा म्हणून पातेले हातात घेतले आणि बाहेर चांदणे आहे का बघावे म्हणून मागचे दार उघडले. घराचा गजर किंचाळायला लागला.

जिन्यावर पावले वाजली आणि डोळ्यांवर पांढरा झोत आला. मला काहीही दिसेना. हात आपोआप वर गेला, त्या हातात पातेले. बोलावेसे वाटले, पण घशातून आवाज निघेना. त्या उजेडात उभे राहिल्याशिवाय कळणार नाही, की निरपराध माणूससुद्धा त्या क्षणी चोरासारखाच वागतो.

‘‘बाबा?’’ वरून आवाज आला. जावयांच्या एका हातात बॅटरी होती, दुसऱ्यात भारतातून नेलेली क्रिकेटची बॅट.

आम्ही चहा केला. लेक खाली आली, गजर बंद केला आणि आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत बसली. जावई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘बाबा, दोनएक सेकंद मी तुम्हाला ओळखलं नव्हतं. जाकीट माझं, टोपी वर, हात उचललेला.’’ दोन सेकंद. आमच्या शिपायाला नाव आठवायला यापेक्षा जास्त लागले होते.

शेरा

दुसऱ्या दिवशी मी कोटेशनवर माझा शेरा लिहिला. बँकेत चेक आला की आधी सही पडताळतात, मग पैसे देतात. घाईत सही न पाहता चेक पास केला तर निदान वसुलीचा दावा लावता येतो. इथे वसुली नाही. म्हणून पहिला खर्च ओळख पटवण्यावर व्हावा. जिन्यावर, मागच्या दाराशी आणि गॅरेजपाशी माणसाच्या चाहुलीने लागणारे दिवे बसवावेत. उशाशी हातातली चांगली बॅटरी ठेवावी. दाराला भक्कम कडी, आणि सगळ्यांनी जमायची एक खोली ठरलेली असावी. तिथून ९११ ला फोन करावा. बंदूक घ्यायचीच असेल तर दस्त्याची घ्यावी, तिच्यावर बेताचा दिवा असावा, पण तो हातातल्या बॅटरीच्या जागी नव्हे, तिच्या जोडीला. लेसर यादीतून काढावा. आणि कुलूप हवेच. सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणे हा टेक्सासमध्येही गुन्हा आहे. आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, एक कॅशियरकडे, एक अकाउंटंटकडे. ही पद्धत घरातही चालते.

लेकीने तो कागद वाचला आणि पुढचा प्रश्न तिने विचारला, जो मला सुचला नव्हता. ‘‘तू फिरतीवर असताना ही बंदूक चालवायची कोणी? मी. मला कोणी विचारलं?’’ यावर जावयांकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नव्हते. तिघांच्या घरासाठी मागवलेल्या कोटेशनवर एकाच माणसाची सही होती, ही चूक तपासनीस म्हणून माझ्या लक्षात यायला हवी होती.

त्या शनिवारी आम्ही दोघांनी जिन्यावर आणि मागच्या दाराशी दिवे बसवले. नातीने शिडी धरली. बंदुकीचा निर्णय लेकीने स्वतःकडे ठेवला. आधी ती प्रशिक्षणाला जाणार, मग ठरवणार, असे तिने सांगितले. मी परत आलो तोवर ठरले नव्हते. फोनवर मी विचारत नाही. एवढेच विचारतो, की जिन्यावरचा दिवा लागतो ना? ‘‘लागतो आजोबा,’’ नात सांगते, ‘‘मी पाणी प्यायला उठले की आपोआप लागतो.’’